सूक्ष्म सुयांचा उपचार : घरी करावा की तज्ज्ञांकडे?

मुरमे बरी होतात. त्यांनी चेहऱ्यावर ठेवलेले खड्डे मात्र वर्षानुवर्षे राहतात. ते भरून काढण्यासाठी 'मायक्रोनीडलिंग' हा उपचार केला जातो. त्वचारोगतज्ज्ञांकडे त्यासाठी एकाहून अधिक वेळा जावे लागते आणि खर्चही बराच येतो. दिसायला तसाच असलेला डर्मारोलर मात्र ऑनलाइन स्वस्तात घरपोच मिळतो. मग घरीच का करू नये, असा प्रश्न साहजिकच पडतो.

या उपचाराचे तत्त्व सोपे आहे. बारीक सुयांनी त्वचेला असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडली की शरीर त्या जखमा भरून काढू लागते. त्या ओघात कोलेजन हे प्रथिन नव्याने तयार होते आणि खड्ड्याचा तळ हळूहळू वर येतो. मात्र कोलेजन तयार होते ते आतल्या थरात, अंतस्त्वचेत. दोन्ही प्रकारांतील खरा फरक या खोलीचा आहे.

घरगुती रोलरच्या सुया साधारणतः ०.२ ते ०.३ मिलिमीटर लांबीच्या असतात. त्यांमुळे लावलेले क्रीम अधिक मुरते, चेहरा काही काळ तजेलदार दिसतो; खड्डे भरत नाहीत. तज्ज्ञ ०.५ ते २.५ मिलिमीटर खोलीपर्यंत जातात. कपाळावर कमी, गालांवर अधिक, असे खोलीचे प्रमाण ते ठरवतात. आधी बधिरतेचे मलम लावले जाते आणि निर्जंतुक सुया एकदाच वापरून टाकून दिल्या जातात. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन ते सहा वेळा उपचार घ्यावे लागतात. त्यानंतरही खड्डे उथळ होतात, पुरते नाहीसे होत नाहीत. अरुंद व खोल खड्ड्यांवर तर परिणाम कमीच होतो.

खरा धोका आहे तो लांब सुयांचा रोलर आणून घरी खोल जाण्यात. बोथट वा वाकलेल्या सुया त्वचा टोचत नाहीत, ओरबाडतात. पिकलेल्या मुरमांवरून रोलर फिरवल्यास जंतुसंसर्ग पसरतो. सावळ्या त्वचेवर जखमेनंतर काळे डाग उमटण्याची शक्यता अधिक असते, आणि गोव्याच्या उन्हात ते आणखी गडद होतात. छिद्रांतून आत शिरलेल्या व्हिटॅमिन सी सीरममुळे त्वचेत गाठी उद्भवल्याचीही नोंद आहे.

मात्र घराबाहेर केलेला उपचार सुरक्षितच असतो, असेही नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात एका विनापरवाना स्पामध्ये रक्तघटक वापरून केलेल्या अशा उपचारातून ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तेथील आरोग्य यंत्रणेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणून उपचार करणारी व्यक्ती डॉक्टर आहे का आणि सुयांचे सीलबंद पाकीट आपल्यासमोर उघडले जाते का, हे पाहावेच.

घरी रोलर वापरायचाच असेल, तर सुया ०.३ मिलिमीटरपेक्षा लांब नसाव्यात, तो इतर कोणाला देऊ नये आणि बाहेर पडताना सनस्क्रीन लावावे. जखमेवर उंचवटा येण्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी, तसेच ताजी मुरमे वा नागीण असताना, डॉक्टरांना विचारल्याखेरीज सुयांच्या वाटेला जाऊ नये.