काळ्या बटणाची सावली कुठं जाते?

ज्यांना भाग ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी तो इथं लिहून देतोय.

मध्यंतरी मांडव्याच्या जेट्टीवर आई फोन घेऊन उभी. डोक्यावर ऊन. "अरे, बटण कुठंय यात?" बटण होतं की! पण काळ्या स्क्रीनवर काळंच, कडा दिसतच नव्हत्या.

तिथंच उत्तरही लटकत होतं. धक्क्याचा काळा टायर बघा. त्याची सावली काळ्यातच मिसळते, गोलाई कळते ती उन्हात चमकणाऱ्या कडेमुळं. पांढऱ्या बोटीचं उलट. तिथं चमक हरवते आणि आकार सावलीमुळं कळतो.

कॉम्प्युटरवर खिडक्यांच्या चौकटी रंगवतो तो विंडो मॅनेजर. ऊन वरून, डावीकडून येतंय असं तो धरतो. म्हणून वरच्या आणि डाव्या कडेला उजळ रेघ, खाली आणि उजवीकडे गडद. बटण दाबलं की रेघांची अदलाबदल, आणि बटण आत गेल्यासारखं वाटतं.

पण या रेघांचे रंग ठरवायचे कसे? ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. विंडोज ९५ मध्ये नेहमीचं बटण १९२, चमक २५५, सावली १२८. हे आधीच ठरलेलं. वापरणाऱ्यानं स्वतःचा रंग निवडला तर मात्र हिशोब आला. सोपा हिशोब असा: सावली निम्मी, चमक दीडपट. १०० चे ५० आणि १५०, झकास! पण शून्याची दीडपट शून्यच. आणि २५५ च्या वर जाताच येत नाही.

युनिक्सवरच्या मोटिफनं यावर तोडगा काढला. आधी रंगाचा उजळपणा मोजायचा. डोळ्याला हिरवा जास्त उजळ वाटतो, निळा सगळ्यात कमी, तेही हिशोबात धरायचं. उजळपणा २० टक्क्यांच्या खाली असेल तर दोन्ही रेघा मूळ रंगापेक्षा उजळ, वरची जास्त. ९३ टक्क्यांच्या वर असेल तर दोन्ही गडद, खालची जास्त. मधल्या रंगांना मधलं प्रमाण. म्हणजे टायरला टायरचा नियम, बोटीला बोटीचा!

आजच्या डार्क मोडमध्येही तीच युक्ती आहे. गूगलच्या मटेरियल डिझाइनच्या डार्क थीममध्ये वर उचललेलं कार्ड थोडं उजळ होतं, कारण काळ्यावर सावली दिसतच नाही.

तुमच्यापैकी कुणी ॲप बनवत असेल, तर बटण आधी पार काळ्या आणि पार पांढऱ्या रंगावर तपासा. आणि हो, एकदा उन्हात उभं राहून बघा. आईला विचारावं लागू नये.

भेटू पुढच्या भागात!