बटणामागचा हुकूम

पडद्यावरील बटण दाबतांच काम होतें. परंतु बटणास स्वतःचें असें कांहींच ठाऊक नसतें. ‘दाबलें जातांच अमुक करावें’ हा हुकूम प्रोग्राम लिहिणाऱ्यानें आधींच त्यास जोडून ठेवलेला असतो. तो हुकूम, म्हणजेच फंक्शन, कोठें लिहावें याविषयीं दोन रीती आहेत. जोडणीच्या ओळींतच तें निनांवी लिहावें, ही एक. अन्यत्र लिहून त्यास नांव द्यावें व जोडतांना तेवढें नांव सांगावें, ही दुसरी.

१९९५ सालीं ब्रेंडन आइक यांनीं नेटस्केप कंपनींत रचलेल्या जावास्क्रिप्ट भाषेंत दोन्ही रीती चालतात. यादी उघडणें-मिटणें यासारखें एका ओळीचें काम जागच्या जागींच शोभतें. त्यास वेगळें नांव देणें म्हणजे दारावर ‘दार’ अशी पाटी लावणें होय! दोन बटणांस एकच हुकूम हवा असेल, तर मात्र नांव द्यावें हें उघडच आहे.

खरी अडचण जोडतांना नव्हे, तोडतांना येते. एखाद्या संकेतस्थळावर छायाचित्रांचा संग्रह आहे असें समजा. तो उघडला कीं उजव्या बाणाच्या कळीनें पुढील चित्र यावें, आणि मिटला कीं ही जोडणी सुटावी. ती सोडविण्यासाठीं जोडलेलें तेंच फंक्शन दाखवावें लागतें. निनांवी फंक्शन अक्षरशः तसेंच पुन्हां लिहिलें, तरी संगणकाच्या लेखीं तें दुसरेंच. चुकीची सूचनाही मिळत नाहीं. जुनी जोडणी निमूटपणें राहते, आणि पांचव्यांदा संग्रह उघडणारानें एकदांच कळ दाबली तरी पांच चित्रें एकदम ओलांडलीं जातात. नांव दिलेलें असतें, तर तें सांगून जोडणी सुटली असती. इतकेंच नव्हे, तेंच फंक्शन त्याच ठिकाणीं त्याच घटनेस दुसऱ्यांदा जोडलें तरी तें एकदांच धरलें जातें.

तथापि नांव म्हणजे मंत्र नव्हे. संग्रह उघडण्याच्या कृतीच्या पोटांतच तें फंक्शन लिहिलें, तर प्रत्येक खेपेस त्याच नांवाचें नवें फंक्शन जन्मास येतें, आणि संग्रह न मिटतां पुन्हां उघडल्यास जोडण्या दोन होतात. नामधारी फंक्शन बाहेर, एकदांच लिहिलेलें असावें. उलट, जें एकदांच घडावयाचें त्यासाठीं ब्राउझरांत ‘वन्स’ नांवाची सोय आहे. पहिल्या खेपेनंतर जोडणी आपोआप सुटते. तेथें हुकूम निनांवी राहिला तरी बिघडत नाहीं.