टीव्ही चालू झाला म्हणजे दुरुस्त झाला असं नाही!

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे... म्हणजे..." जरा कमी केलेत.

आजचा विषय आहे रिअर प्रोजेक्शन टीव्ही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिलाही नसेल. मग त्यावर अख्खा भाग कशाला? तर हा टीव्ही दुरुस्त करताना मी जे शिकलो, ते आज तुमच्या मोबाइलच्या चार्जरलाही लागू पडतं. कसं ते शेवटी सांगतो.

गोष्ट २०१४ च्या जूनमधली. माझी बारावी नुकतीच झाली होती आणि मी कोल्हापुरात मामाच्या टीव्ही रिपेअरिंगच्या दुकानात बसायचो. बसायचो म्हणजे चहा आणायचो आणि स्क्रू गोळा करायचो. एक दिवस टेम्पोतून एक भलंमोठं कपाट उतरलं. चार पोरांनी धरलेलं. ते कपाट नव्हतं, टीव्ही होता. जवळच्या एका तरुण मंडळाचा, कधीतरी सेकंडहँड घेतलेला. फुटबॉल वर्ल्ड कप १२ जूनला सुरू होणार होता, आणि कोल्हापूरचं फुटबॉलवेड तुम्हाला माहितीच आहे. अर्धी गल्ली ब्राझीलची, अर्धी अर्जेंटिनाची.

"मामा, चित्र फाटलंय बघा. पहिल्या मॅचच्या आधी पाहिजे," अध्यक्ष म्हणाले.

चित्र फाटलंय म्हणजे काय, ते कळायला आधी हा टीव्ही आतून कसा असतो ते बघू.

कपाटाच्या आत काय असतं?

जुन्या साध्या टीव्हीत एकच मोठी पिक्चर ट्यूब असायची आणि आपण थेट तिच्या काचेकडे बघायचो. पण ती काच ठरावीक मापापुढे मोठी केली की वजन उचलवत नाही. म्हणून प्रोजेक्शन टीव्हीत युक्ती केलेली असते. तळाशी तीन छोट्या ट्यूब, साधारण ७ इंची. एक लाल, एक हिरवी, एक निळी. प्रत्येकीवर एक लेन्स. तिन्हींचा प्रकाश मागच्या तिरक्या आरशावर पडतो आणि तिथून उलटून पुढच्या पडद्यावर येतो. थिएटरमध्ये प्रोजेक्टर आपल्या पाठीमागे असतो, इथे तो पडद्याच्या मागे असतो. एवढाच फरक.

आता तीन ट्यूब तीन वेगवेगळ्या जागी आहेत. तिन्ही चित्रं पडद्यावर तंतोतंत एकमेकांवर बसली पाहिजेत. ती बसवण्याच्या कामाला कन्व्हर्जन्स म्हणतात. त्यासाठी दोन जाडजूड आयसी असतात, हीटसिंकला चिकटलेल्या. सतत तापतात, आणि म्हणून सगळ्यात आधी त्याच जातात. त्या गेल्या की खेळाडू एक आणि सावल्या तीन! लाल रेघ वर वाकलेली, निळी खाली. अध्यक्षांचं "फाटलेलं चित्र" ते हेच.

मामाने मागचं झाकण काढलं, पण लगेच हात घातला नाही. मला म्हणाला, "तू दोन हात मागं बांधून उभा रहा."

कारण साधं आहे. या ट्यूबना ३० हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो. टीव्ही बंद केला, पिन काढली, तरी ट्यूब स्वतःच कपॅसिटरसारखी चार्ज धरून बसू शकते. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये आणखी ३०० व्होल्टच्या वर साठलेले असतात. आपल्याकडच्या २३० व्होल्ट एसीचं डीसी केलं की सव्वातीनशेच्या आसपास होतात. मामाने आधी तो सगळा चार्ज रेझिस्टरमधून उतरवला, मीटरने खात्री केली, मगच काम सुरू. तेही शक्यतो एका हाताने. दोन्ही हात आत असले तर करंटचा रस्ता एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जातो. छातीत काय असतं, ते सांगायला नको.

लेन्सखालचं गोड विष

आयसी बदलायच्या आधी मामाने बॅटरी मारून लेन्सच्या खालची बाजू बघितली. ट्यूबची काच आणि लेन्स यांच्यामध्ये एक द्रव भरलेला असतो. ट्यूब थंड राहावी आणि प्रकाश नीट जावा म्हणून. त्यात बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं, गाडीच्या कूलंटमध्ये असतं तेच. रबरी सील जुनं झालं की ते झिरपतं आणि खाली थेट सर्किट बोर्डावर टपकतं. बोर्डावर ओल आली की शॉर्ट होऊन आगही लागू शकते. आणखी एक गोष्ट, हा द्रव चवीला गोड असतो आणि विषारी असतो. घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं बाळ असेल तर टीव्हीखालचा चिकट डाग म्हणजे फक्त पुसायची गोष्ट नाही. तो दिसला की टीव्ही बंद, पिन बाहेर.

आमच्या टीव्हीत गळती नव्हती. हिरव्या ट्यूबचा द्रव थोडा गढूळ झाला होता, एवढंच. आरशावरची धूळ मामाने मऊ ब्रशने हलकेच झटकली. मी काच पुसायचा स्प्रे घेऊन पुढे झालो तर माझ्या हातावर चापट बसली. या आरशाचा चकाकणारा थर काचेच्या मागे नसतो, पुढे असतो. घासला की गेला.

लॅमिंग्टन रोडवरून आयसी आल्या. मामाने त्या लावल्या, नवी थर्मल पेस्ट लावली, आजूबाजूचे जळके रेझिस्टर बदलले. पहिल्यांदा टीव्ही सिरीज बल्ब लावून चालू केला. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भकभकून पेटतो आणि टीव्ही वाचतो. बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला. मग थेट लाइनवर घेऊन तासभर कन्व्हर्जन्स जुळवलं. चित्र एकदम टकाटक!

तारीख ११ जून. अध्यक्ष खूश. "चला, टेम्पो बोलवा!"

मामा म्हणाला, "अजून झालं नाही."

खरी तपासणी इथून सुरू होते

मंडळी, आजचा मुद्दा हाच आहे. चित्र आलं म्हणजे बिघाड गेला. टीव्ही सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न वेगळा, आणि त्याची तपासणीही वेगळी.

टीव्हीच्या बोर्डावर एक अदृश्य सीमारेषा असते. अलीकडचा भाग थेट घरातल्या लाइनला जोडलेला. पलीकडचा भाग आपल्या हाताला लागणारा : केबलचं सॉकेट, मागच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना, धातूचे स्क्रू. या दोन भागांमध्ये वीज थेट जाता कामा नये. पण खरखर कमी करण्यासाठी ही सीमा ओलांडणारा एक छोटा कपॅसिटर मुद्दाम लावलेला असतो. तो साधा नसतो. त्याला वाय कपॅसिटर म्हणतात. तो अशा पद्धतीने बनवलेला असतो की खराब झालाच तर शक्यतो ओपन व्हावा, शॉर्ट होऊ नये.

मामाने विचारलं, "टीव्हीला हात लावल्यावर कुणाला कधी काही जाणवलं का?"

अध्यक्ष म्हणाले नाही. पण बरोबरचा एक बारका पोरगा बोलला, "मामा, गेमची वायर लावताना मला झिणझिण्या आल्यात. पण रोज नाही. कधी कधी."

मामाचा चेहरा बदलला. त्याने आपला जुना जुगाड काढला. १५०० ओहमचा रेझिस्टर, त्याला समांतर ०.१५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ही जोडी साधारण माणसाच्या शरीरासारखी वागते. एक टोक पक्क्या अर्थिंगला, दुसरं टीव्हीच्या उघड्या धातूला, आणि दोन्हींमध्ये एसी व्होल्टवर मीटर. जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये अर्थिंगसाठी पाण्याचा पाइप सांगितलेला असतो, पण आपल्याकडे आता पाइप प्लास्टिकचे. ही तपासणी थेट लाइनवरच करायची, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावून नाही. तो लावला तर गळणारा करंट लपतो. मीटर ०.७५ व्होल्टच्या वर जाता कामा नये. म्हणजे गळती अर्ध्या मिलिअँपिअरच्या आत.

टीव्ही चालू. मीटरवर जवळजवळ शून्य. अध्यक्ष म्हणाले, "बघा, काय नाही."

मामाने दोन पिनांचा प्लग काढला, उलटा केला आणि परत खोचला.

१.१ व्होल्ट!

म्हणून पोराला "कधी कधी" झिणझिण्या येत होत्या. प्लग एका बाजूने घातला की काही नाही, उलटा घातला की धातूवर गळती. पाऊण मिलिअँपिअरच्या आसपास. एवढ्याने कुणी मरत नाही, पण ही गळती येतेय कुठून ते महत्त्वाचं. मामाने बोर्ड उलटा केला. सीमारेषेवरचा वाय कपॅसिटर आधीच्या कुठल्यातरी मेकॅनिकने बदलला होता. मूळचा छोटा, २२०० पिकोफॅरडचा. त्याच्या जागी चौपटीहून मोठा, साधा सिरॅमिक, ०.०१ मायक्रोफॅरडचा. आणि लाइन फ्यूजच्या जागी? तांब्याची तार.

आता विचार करा. तो साधा कपॅसिटर एके दिवशी शॉर्ट झाला असता, तर मागच्या प्रत्येक धातूच्या भागावर थेट २३० व्होल्ट आले असते. फ्यूज तर नव्हताच. जूनचा पाऊस, मंडळाच्या खोलीतली ओली फरशी, अनवाणी पोरं. आणि वायर लावायला सगळ्यात पुढे तोच बारका.

मॅन्युअलच्या नकाशात असे भाग त्रिकोणातल्या उद्गारचिन्हाने किंवा राखाडी रंगाने दाखवलेले असतात. अर्थ एकच : इथे मूळच्या मापाचा आणि मूळच्याच जातीचा भाग लावा, जुगाड नको. ट्यूबचा दाब मर्यादेबाहेर गेला की टीव्ही बंद पाडणारं सर्किटही त्यातच येतं. कारण दाब वाढला की ट्यूबमधून क्ष-किरण जास्त निघतात. १९६७ मध्ये अमेरिकेत काही रंगीत टीव्हींमधून असे जास्तीचे किरण निघत असल्याचं उघड झालं आणि १९६८ मध्ये तिथे त्यासाठी कायदाच झाला. मामाने तो दाबही खास प्रोबने मोजला. तो बरोबर होता.

फ्यूज दुकानात होता, पण योग्य वाय कपॅसिटर नव्हता. तो मागवायला दोन दिवस लागणार होते.

"मामा, द्या की आता! मॅच झाली की परत आणतो," अध्यक्ष म्हणाले.

"टीव्ही न्यायचा असंल तर दुकानाचं बिल फाडून टाकतो. मी दुरुस्त केला असं कुणाला सांगू नका," मामा म्हणाला. आवाज न चढवता.

टीव्ही दुकानातच राहिला. ब्राझील-क्रोएशियाची पहिली मॅच मंडळाने एका छोट्या टीव्हीवर दाटीवाटीने बघितली आणि मामाला भरपूर शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी कपॅसिटर आला. तो लावल्यावर मीटर, प्लग दोन्ही बाजूंनी घालून : जास्तीत जास्त ०.२४ व्होल्ट. मगच टेम्पो आला.

आता तुमच्या हातातलं

लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवर चार्जिंग करताना बारीक झिणझिण्या जाणवल्यात? दोन पिनांच्या चार्जरमध्येही तीच सीमारेषा आणि तसाच वाय कपॅसिटर असतो. चांगल्या चार्जरमध्ये ती गळती मर्यादेत असते. अगदी स्वस्त, विनानावाच्या चार्जरमध्ये तिथे काय लावलंय, याची खात्री कोण देणार? म्हणून एवढं लक्षात ठेवा :

- चार्जरवर बीआयएसचं चिन्ह आणि त्याखाली आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा.
- कुठल्याही उपकरणाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर "चालतंय की" म्हणू नका. पिन काढा आणि दाखवा. "कधी कधी येतात" हे उत्तर जास्त धोक्याचं.
- फ्यूज वारंवार उडतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय. जागी तार लावू देऊ नका.
- दुरुस्तीवाल्याला एकच प्रश्न विचारा : "लीकेज बघितलं का?"
- जुना टीव्ही स्वतः उघडू नका, व्हिडिओ बघूनसुद्धा नाही. टाकायचा असेल तर अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. ट्यूबच्या काचेत शिसं असतं.

तो टीव्ही मंडळात पुढे दोन-तीन वर्षं चालला. मग द्रव गळायला लागला तेव्हा मामानेच "आता बास" म्हणून तो ई-कचऱ्यात पाठवला. जाताना आम्ही मागचं झाकण उघडलं. आत मामाने चिकटवलेला कागद तसाच होता. त्यावर तारीख आणि पेनाने लिहिलेला एकच आकडा : ०.२४.

तुमच्याकडे असा एखादा झिणझिण्यांचा किस्सा असेल तर व्हॉइस नोट नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ओल्या हाताने चार्जर लावू नका!