इंजिनातील ठोक्याचे मूळ

जुन्या ट्रकच्या इंजिनातून ठोके येऊ लागले की बेअरिंग गेले, असे ठरवून इंजिन उतरवण्याची घाई होते. वास्तविक डिझेल इंजिनात ठोका ज्वलनातूनही निघतो आणि झिजलेल्या भागांतूनही, आणि या दोहोंतला फरक ओळखल्याशिवाय पाना हाती घेणे म्हणजे मालकाचा पैसा वाया घालवणे होय. उदाहरणादाखल टाटांच्या जुन्या मालमोटारींतील ६९७ इंजिन घेता येईल. त्याच्या नावातच सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर व्यासाचा बोअर सांगितलेला आहे.

ज्वलनाचा ठोका कसा निर्माण होतो, हे आधी समजून घ्यावे लागते. नोझलमधून फवारलेले डिझेल तत्क्षणी पेटत नाही. तापलेल्या हवेत त्याची वाफ होऊन ते पेटेपर्यंत थोडा अवधी जातो आणि तो लांबला, तर साठलेले डिझेल एकदम पेटून दाब झटक्याने चढतो. थंड इंजिन, गळकी नोझल, घटलेले कॉम्प्रेशन किंवा पंपाचे टायमिंग पुढे सरकणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

यांत्रिक ठोक्यांची जात निराळी असते. टॅपेटचा आवाज हलका असून वरच्या बाजूने आणि क्रँकच्या निम्म्या लयीत येतो, कारण व्हॉल्व्ह हलवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. पिस्टन लायनरवर आपटत असेल, तर थंडपणी मोठा असलेला आवाज इंजिन तापल्यावर, पिस्टन फुगून फट भरल्यामुळे, उतरतो. याउलट कनेक्टिंग रॉडच्या बिगएंड बेअरिंगचा ठोका तेल तापून पातळ झाल्यावर वाढतो आणि ॲक्सिलरेटर सोडताना विशेष स्पष्ट होतो, तर मेन बेअरिंगचा ठोका जड व खोल असून चढावर भार पडला की जाणवतो.

दोषी सिलिंडर शोधण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल केला की त्या सिलिंडरचे ज्वलन थांबते. ठोका नाहीसा झाला किंवा स्पष्ट उतरला, तर त्याचे मूळ तिथेच आहे. ही रीत केवळ जुन्या इनलाइन पंपाच्या इंजिनांसाठी असून कॉमन रेल इंजिनावर ती मुळीच करू नये, कारण तेथील डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरचे भागही विसरू नयेत: एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर हुबेहूब इंजिनासारखा ठोकतो, मात्र टाकी भरून त्याच्यावरचा भार सुटला की त्याचा आवाज बदलतो.

शंका बेअरिंगवर स्थिरावली की ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उलगडून पाहावी. घड्यांत चंदेरी कण चमकत असतील तर झीज सुरू झाली आहे; तांबूस कण दिसले तर वरचा मऊ थर संपून तांबे-शिशाचा थर उघडा पडला आहे. मग खालचे तेलाचे चेंबर उतरवून बेअरिंगची कॅप काढावी आणि क्रँकचा जर्नल मायक्रोमीटरने मोजावा. जर्नल ओरखडलेला किंवा लंबगोल झालेला असल्यास तो घासून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइझ बेअरिंग बसवावे लागते. न घासलेल्या जर्नलवर नुसते नवे बेअरिंग चढवले, तर ठोका लवकरच परततो.

तेल दाट करून आवाज दाबण्याचा उपाय सर्रास केला जातो, पण तो घातक आहे. फट तशीच राहून आपटणे चालूच राहते, आणि शेवटी बोल्ट तुटून सुटलेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. बेअरिंगचा ठोका ओळखू येताच गाडी तेथेच बंद करून ओढून न्यावी.