बनावट पुराणशस्त्रे

बनावट पुराणशस्त्रे : ऐतिहासिक काळातील किंवा जुन्या लष्करी वापरातील म्हणून विकण्याच्या हेतूने नव्याने तयार केलेली अथवा फेरफार केलेली शस्त्रे, त्यांचे सुटे भाग व उपसाधने. तलवारी, कट्यारी, वाघनखे, तोड्याच्या व चापाच्या बंदुका, तसेच विसाव्या शतकातील रायफलींवर दुर्बीण बसविण्याच्या बैठका यांचा त्यांत प्रामुख्याने समावेश होतो. आंतरजालावरील लिलावांत वस्तू हातात न घेता केवळ छायाचित्रांवरून तिची किंमत ठरते. त्यामुळे अशा वस्तूंचा प्रसार वाढला असून त्यांची पारख करणे अधिक कठीण झाले आहे.

प्रतिकृती आणि बनावट वस्तू यांत भेद केला पाहिजे. उदयपूर व जयपूर येथे पोलादावर सोन्या-चांदीची तार ठोकून नक्षी करण्याची कोफ्तगरीची कला आजही चालू आहे. तेथील नवी तलवार नवी म्हणून विकली गेल्यास त्यात गैर काही नाही. तीच तलवार आम्लात बुडवून, गंज चढवून व खोटा लेख कोरून सतराव्या शतकातील म्हणून विकली, की ती बनावट ठरते. तिसरा प्रकार समकालीन अनुकरणांचा होय. ती जुनीच असतात. परंतु त्यांवरील खुणा दुसऱ्याच्या असतात.

पात्यांवरील खुणा : या तिसऱ्या प्रकाराची उत्तम उदाहरणे दख्खनमध्ये मिळतात. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांमार्फत व इतर व्यापाऱ्यांमार्फत यूरोपीय पाती पश्चिम किनाऱ्यावर येत. त्यांना देशी मूठ बसवून ‘फिरंग’ ही सरळ पात्याची तलवार तयार होई [⟶ तलवार]. या पात्यांवर जेनोआची दातेरी चंद्रकोर, धावता लांडगा किंवा ‘अँद्रेआ फेरारा’ हे नाव आढळते. तथापि या खुणांवरून पात्याचे मूळ ठरत नाही. लांडग्याची खूण मूळची पासाउची. ती पुढे झोलिंगेनच्या कारागिरांनी उचलली. फेरारा हे नावही झोलिंगेनच्या असंख्य पात्यांवर आहे. या खुणांना बाजारात मान असल्यामुळे देशी लोहारांनीही त्या आपल्या पात्यांवर कोरल्या. म्हणून चुकीच्या वळणाची खूण दिसताच पाते आधुनिक बनावट आहे असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. ते दख्खनी कारागिराचे अस्सल जुने काम असू शकते. खुणेच्या खाचेतील गंज व भोवतालच्या पृष्ठभागावरील गंज एकाच वयाचे आहेत काय, हे प्रथम पाहावे लागते.

मूळस्थानाचा पुरावा : मनमाडजवळील अंकाई-टंकाई ही किल्ल्यांची जोडी एप्रिल १८१८ मध्ये लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेल याच्या फौजेच्या हाती लढाईवाचून गेली, त्याच वर्षी जूनमध्ये मालेगावचा भुईकोट पडला. मराठी राज्याच्या अखेरीस अशा अनेक किल्ल्यांवरील शस्त्रसाठ्यांची वाताहत झाली. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने खाजगी शस्त्रांवर कडक निर्बंध आले. परिणामी महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या शस्त्रांच्या मालकीची अखंड नोंद मिळत नाही. नेमक्या याच उणिवेचा विक्रेते फायदा घेतात. ‘अमुक किल्ल्यावर सापडलेली’ किंवा ‘अमुक सरदार घराण्यातील’ एवढे वाक्य लिलावाच्या वर्णनात घातले, की किंमत वाढते. कथा ही पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या कुटुंबात आलेल्या या वस्तूच्या पेटीवर ती शिवाजी महाराजांची असल्याचा लेख आहे. तरीही अफझलखानाच्या प्रसंगी वापरलेली वाघनखे हीच, याची खात्री करता आलेली नाही, असे संग्रहालय स्वतःच नमूद करते. जुलै २०२४ मध्ये ती साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आणण्यात आली. एकोणिसाव्या शतकापर्यंत माग लागणाऱ्या वस्तूबाबत जर एवढी सावधगिरी बाळगली जाते, तर कागदाचा कपटाही नसलेल्या वस्तूबाबत ती किती बाळगावी, हे उघड आहे.

बंदुका : ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांच्या चापपट्टीवर हृदयाकृती व्यापारचिन्ह किंवा पुढील काळात सिंह उमटविलेला असे, बनावट चापपट्ट्यांवरही तेच दिसतात. खैबर खिंडीच्या परिसरात, विशेषतः दर्रा आदमखेल येथे, ब्रिटिश रायफलींच्या नकला हातकामाने होत. त्यांवरील अक्षरे उलटी, वर्णलेखन अशुद्ध आणि काही वेळा १९०१ मध्ये निधन पावलेल्या व्हिक्टोरिया राणीच्या आद्याक्षरांखाली त्यानंतरचे वर्ष असते.

दुर्बिणींच्या बैठका : रायफलीपेक्षा तिच्या उपसाधनांची नक्कल करणे सोपे व अधिक किफायतशीर असते. बैठक हा छोटा धातूचा भाग. परंतु तो जोडल्याने साधी सैनिकी रायफल निशाणबाजाची दुर्मीळ रायफल म्हणून विकता येते. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश क्र. ४ मार्क १ (टी) या रायफलीचे रूपांतर मुख्यत्वे लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कंपनीने केले. यंत्रणेच्या डाव्या बाजूस दोन टेकणे पक्की करून त्यांवर ओतीव ब्रॅकेट दोन मोठ्या हातस्क्रूंनी आवळले जाई व त्यात क्र. ३२ ही तिप्पट विवर्धनाची दुर्बीण बसे. रायफलीचा क्रमांक ब्रॅकेटवर आणि दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या मानेवर ठोकला जाई. हे तिन्ही भाग एकमेकांस जुळवून नेमके केलेले असल्यामुळे जुळणाऱ्या क्रमांकांना मोठे मोल येते आणि म्हणूनच खोटे क्रमांक ठोकले जातात. जर्मन कार-९८ के व सोव्हिएट मोसीन रायफलींच्या बैठकांच्याही नकला विपुल आहेत. त्यांपैकी कित्येक मुळात हौशी नेमबाजांसाठी उघडपणे प्रतिकृती म्हणून बनविलेल्या असतात. ठसे नंतर कोणीतरी उमटवितो.

पारख : (१) ठसा : पोलादी ठशाने ठोकलेल्या अंकाभोवती धातू किंचित उचलला जातो. यंत्राने कोरलेल्या अंकाचा तळ सपाट व कडा एकसारख्या असतात. ठसा मूळ रंगलेपाच्या खाली आहे की लेप तोडून उमटला आहे, हेही तपासावे. (२) ओतकाम : अस्सल भागाचा साचा घेऊन ओतलेली नक्कल मूळच्या मानाने थोडी लहान भरते, कारण पोलाद थंड होताना सु. २ टक्के आकसते. मूळ भागावरील ओरखडाही तिच्यात उतरतो. दोन निरनिराळ्या लिलावांतील वस्तूंवर तोच ओरखडा असेल, तर निदान एक वस्तू खोटी असते. (३) आटे : १९४० च्या दशकातील ब्रिटिश भागांचे आटे इंची मापाचे असतात, मेट्रिक मापाचा स्क्रू आढळल्यास तो भाग किंवा निदान तो स्क्रू नंतरचा होय. (४) झीज : हात, चामडे व धातू जेथे घासतात तेथेच खरी झीज होते. आम्लाने आणलेली जीर्णता सर्वत्र सारखी असते आणि खोबणीतही पोहोचते. बैठक व टेकण यांच्या स्पर्शपृष्ठांवरील खुणा परस्परांशी जुळाव्या लागतात. (५) द्रव्य : जुन्या पद्धतीच्या लोखंडात मळीचे धागे आढळतात, आधुनिक सौम्य पोलाद एकजिनसी असते. गंजरोधक क्रोमियम पोलादाचा वापर १९१३ नंतरचा असल्याने अशा पोलादाचे पाते शिवकालीन असू शकत नाही. जौहरदार पोलादाची नक्षी झिलई करून पुन्हा आम्ल लावल्यास परत उमटते, तर वरवर कोरलेली नक्षी नाहीशी होते. परंतु ही परीक्षा तज्ज्ञानेच करावी. जुन्या मुठीत पाते राळ-लाखेने बसविलेले असते. कृत्रिम डिंक जंबुपार प्रकाशात वेगळा चमकतो. क्ष-किरण प्रतिदीप्तीने वस्तूस इजा न करता मूलद्रव्ये ओळखता येतात.

छायाचित्रांवरून खरेदी करताना आतील बाजू, स्क्रूची छिद्रे, सर्व क्रमांक व मोजपट्टीसह घेतलेली चित्रे तिरप्या प्रकाशात मागवावीत. ती देण्यास विक्रेत्याने टाळाटाळ केली, तर व्यवहार सोडणे श्रेयस्कर. अस्सल नमुन्यांशी तुलना करण्यासाठी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय व मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथील शस्त्रसंग्रह उपयुक्त आहेत.

कायदा : पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ (अंमल १९७६ पासून) अन्वये शंभर वर्षांहून कमी नसलेली वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तिच्या व्यापाऱ्यास परवाना लागतो व खाजगी व्यक्तीस ती निर्यात करता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील शस्त्राच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात. वापरास अयोग्य अशा पुराणमूल्य असलेल्या शस्त्रांना त्यातून सूट आहे. म्हणून परदेशातून सुटा भाग मागविण्यापूर्वी परवाना अधिकाऱ्याकडे चौकशी करणे आवश्यक ठरते. खोटी वस्तू अस्सल म्हणून विकणे ही भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१८ खालील फसवणूक होऊ शकते.

बनावट शस्त्राने होणारी हानी ग्राहकाच्या पैशापुरती मर्यादित राहत नाही. अशी वस्तू संग्रहालयात वा ग्रंथातील चित्रांत शिरली, की पुढील अभ्यासक तिलाच प्रमाण मानून इतर वस्तूंचे वर्गीकरण करतात. उलट अतिसंशयामुळे एखाद्या अनाम दख्खनी लोहाराचे अस्सल पाते भंगारात जाण्याचाही धोका असतो. दोन्ही चुका टाळण्याचा मार्ग एकच : वस्तूची मापे, वजन, ठसे, छायाचित्रे व ती कोणाकडून कधी मिळाली याची लेखी नोंद ठेवणे. घराण्यांतून चालत आलेल्या शस्त्रांबाबत हे काम त्यांच्या जाणत्या वारसांच्या हयातीतच व्हावयास हवे.