सेवेचा क्रमांक आणि तिची शिदोरी

एचएसआर लेआउट ही बंगळूर शहराच्या आग्नेयेकडील वसाहत होय. होसूर व सर्जापूर या रस्त्यांच्या नावांवरून तिचे नाव पडले आहे. तेथील अनेक लहानमोठ्या सॉफ्टवेअर संस्थांना आपल्या सेवा अहोरात्र चालू ठेवाव्या लागतात. बंद पडलेली सेवा पुन्हा सुरू करणाऱ्या आज्ञावलीस आपण पर्यवेक्षक म्हणू. पर्यवेक्षकास दोन गोष्टींचे भान असावे लागते : सेवेचा क्रमांक आणि तिची शिदोरी.

लिनक्स प्रणालीत प्रत्येक चालू प्रक्रियेस एक क्रमांक मिळतो; यालाच प्रोसेस आयडी म्हणतात. पुष्कळ जुन्या आज्ञावल्या हा क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवतात आणि सेवा थांबविताना त्या क्रमांकास संकेत पाठवितात. ही रीत सोपी खरी, पण धोक्याची आहे. क्रमांकांना मर्यादा असते. लिनक्समध्ये ती पूर्वापार ३२,७६८ इतकी होती. मर्यादा गाठली म्हणजे मोकळे झालेले क्रमांक पुन्हा वाटले जातात. समजा, २८४१ क्रमांकाची सेवा रात्री बंद पडली, फाइल तशीच राहिली आणि पुढे तोच क्रमांक डेटाबेसला मिळाला. मग सकाळी थांबण्याचा संकेत डेटाबेसला पोहोचेल आणि ग्राहकांचे व्यवहार अडून बसतील!

यावर उपाय असा की, सेवेस जन्म देणाऱ्या प्रक्रियेनेच तिच्यावर देखरेख करावी, आणि सेवेने तिच्यापासून फुटून पार्श्वभूमीत जाऊ नये. अपत्य संपल्याची वार्ता प्रणाली मातेस कळविते. मातेने तिची नोंद घेईपर्यंत तो क्रमांक दुसऱ्या कोणासही दिला जात नाही. त्यामुळे मातेजवळील क्रमांक शिळा होत नाही. डॅनियल बर्नस्टाइन यांचे डीमनटूल्स याच तत्त्वावर उभे आहे. २०१० साली पुढे आलेल्या सिस्टमडीनेही त्याचा आधार घेतला आहे.

आता शिदोरी. डेटाबेसचा पत्ता, आज्ञा शोधण्याचे मार्ग इत्यादी माहिती नाव आणि मूल्य अशा जोड्यांनी सेवेबरोबर दिली जाते. या जोड्यांना एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स म्हणतात. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून ही सोय आहे. मुलगा गावाला निघून गेल्यावर घरी केलेले पक्वान्न त्याच्या शिदोरीत पडत नाही. तसेच येथेही आहे. सेवेस मिळते ती प्रत असते. मागाहून मूल्य बदलले, तरी सेवा पुन्हा सुरू केल्यावाचून तिला ते कळत नाही. शिवाय अभियंत्याच्या खात्यातील मूल्ये यंत्र सुरू होताना आपोआप लाभत नाहीत. म्हणून हाताने चालविलेली सेवा चालते आणि तीच पहाटे यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर अडते.

सारांश, क्रमांक फाइलीवर विसंबून ओळखू नये आणि शिदोरी गृहीत धरू नये. ती पर्यवेक्षकाने स्पष्टपणे बांधून द्यावी.