ईश्वरी सार्वभौमत्व आणि मानवी उत्तरदायित्व : ख्रिस्ती विचारातील एक पेच

प्रत्येक घटना सर्वशक्तिमान ईश्वराच्या इच्छेने घडत असेल, तर पाप करणाऱ्या माणसास दोषी का ठरवावे? पालि वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा प्रश्न अपरिचित नाही. अंगुत्तरनिकायातील तित्थायतनसुत्तात 'इस्सरनिम्मान' मताचा परामर्श घेताना हाच आक्षेप मांडला आहे. सुखदुःखाचे कारण ईश्वरनिर्मिती मानल्यास प्राणिहत्या करणाराही ईश्वरामुळेच तसा ठरतो आणि प्रयत्नाला आधार उरत नाही. परंतु हा आक्षेप घेऊन थांबणे आणि प्रतिपक्षाचे उत्तर न ऐकणे अभ्यासकास शोभत नाही. म्हणून ख्रिस्ती विचारवंतांनी या पेचास दिलेली उत्तरे आम्ही येथे संक्षेपाने मांडीत आहोत.

या पेचाचे मूळ बायबलमध्येच आहे. मिसरचा राजा फारो इस्राएली दासांना मुक्त करण्यास नकार देतो, त्या कथेत त्याने आपले मन कठीण केले असे काही ठिकाणी म्हटले आहे, तर देवाने ते कठीण केले असे इतरत्र. शिक्षा मात्र फारोलाच होते. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात या कथेचा आधार घेतला आणि मातीने कुंभारास जाब विचारू नये, असा दृष्टान्त दिला.

पाचव्या शतकात पेलागियस या तपस्व्याने मानवी प्रयत्नाची बाजू घेतली. देवाची आज्ञा पाळण्याचे सामर्थ्य माणसात नसेल, तर आज्ञेला अर्थच राहत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. हिप्पोचा बिशप ऑगस्टिन (३५४-४३०) याने त्यास विरोध केला. आदामाच्या पतनामुळे मानवी इच्छा दुर्बल झाली आहे. देवाच्या कृपेवाचून ती सत्प्रवृत्त होऊच शकत नाही, असे त्याचे मत होते. इ. स. ४१८ च्या कार्थेज येथील परिषदेने पेलागियसचे मत त्याज्य ठरविले. परंतु ५२९ च्या ऑरेंज येथील परिषदेने कृपेचे अग्रत्व मान्य करतानाच, देवाने कोणास दुष्कर्मासाठी नेमून ठेवले आहे हे मत धिक्कारले.

धर्मसुधारणेच्या काळात वाद पुन्हा पेटला. १५२४ साली इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याचे समर्थन केले. पुढच्याच वर्षी ल्यूथरने त्याचे खंडन केले. कोणाचे तारण व्हावे हे देवाने अनादिकाळी ठरविले आहे, हा पूर्वनियोजनाचा सिद्धान्त कॅल्व्हिनने ठामपणे मांडला. हॉलंडमधील आर्मिनियसच्या (मृत्यू १६०९) मते मात्र देव माणसाची श्रद्धा आधीच जाणतो व तदनुसार निवड करतो. कृपा नाकारणेही माणसास शक्य असते. १६१८-१९ च्या डोर्ट येथील धर्मसभेने त्याच्या अनुयायांचे मत फेटाळले. पुढे मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने तशाच मताचा पुरस्कार केला.

आता कॅल्व्हिनपंथीयांचे उत्तर पाहू. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात दुय्यम कारणांचा आश्रय घेतला आहे. देवाची योजना माणसाच्या इच्छेवर बळजबरी करीत नाही, तर त्या इच्छेच्याच द्वारे सिद्धीस जाते. म्हणून स्वेच्छेने केलेल्या पापाचा दोष कर्त्याचाच. देव पापाचा जनक नव्हे. येथे स्वातंत्र्य म्हणजे पर्याय निवडण्याचे अमर्याद सामर्थ्य नसून, आपल्या इच्छेनुसार वागणे होय.

हे उत्तर सर्वांस पटेल असे नाही. ती इच्छाच तशी का घडली, हा प्रश्न मागे उरतोच, आणि आमच्या मते सुत्तातील आक्षेपाचा रोख नेमका तेथे आहे. पण ईश्वर मानणारा प्रत्येक ख्रिस्ती विचारवंत मानवी उत्तरदायित्व नाकारतो, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. पेलागियसचा युक्तिवाद तर आपल्या सुत्ताच्या फारच जवळचा आहे. ज्या मताचे खंडन करावयाचे, ते त्याच्या सर्वांत समर्थ रूपात प्रथम समजून घ्यावे. तरच खंडनास मोल येते.